काटा अठ्ठ्याहत्तरवर

१

जालिंदर थेटे यांच्या टँकरमागे अडकलेला माणूस हॉर्न वाजवून थकायचा, पण टँकर काही पळायचा नाही. डेअरीतले बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, थेटे नाना गाडी चालवत नाहीत, गाडीला फिरायला नेतात. नाना हसायचे. एकवीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीचं पिल्लूसुद्धा आलं नव्हतं.

त्यांचा दिवस ठरलेला होता. सहाला उठून आधी गुळगुळीत दाढी. मग लंकाबाईंनी बांधून दिलेला डबा घेऊन डेअरीतून टँकर काढायचा, कोपरगावच्या बाजूचं शीतकरण केंद्र गाठायचं, तिथे दूध भरायचं आणि नव्या सहापदरी रस्त्यावर चढायचं. त्या रस्त्यावर बावीस किलोमीटर. मग खाली उतरून तळेगाववरून संगमनेरची डेअरी. नव्या रस्त्यावर कॅमेऱ्यांच्या दोन कमानी होत्या. एक चढल्या चढल्या, दुसरी उतरायच्या आधी. पहिल्या कमानीखालून नाना नऊ दहाला जायचे, दुसरीखालून साधारण नऊ सत्तावीसला.

मार्चमध्ये त्यांच्या मोबाईलवर पहिलं चलान आलं. सरासरी वेग ताशी एकशे एकतीस. अवजड वाहनाची मर्यादा ऐंशी.

नानांना वाटलं, चुकून दुसऱ्याचं आलं. त्यांनी मोबाईल लेकीकडे दिला. भारती मेकॅनिकल इंजिनिअर झालेली, संगमनेरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये तासिकेवर शिकवायची आणि चूक दिसली की तिचे कान तापायचे. तिने चलान उघडलं. नंबर नानांच्याच टँकरचा. खाली दोन फोटो. पहिल्या कमानीच्या फोटोत काचेमागे नाना, चेहरा स्वच्छ. दुसऱ्या कमानीच्या फोटोतही नानाच, पण हनुवटीवर पांढरे खुंट.

दोन फोटोंमध्ये दहा मिनिटांचं अंतर होतं. भारतीने फोटो मोठा करून पाहिला. सावली असेल, ती म्हणाली. असले भिकार कॅमेरे बसवतात आणि त्यावर माणसाला गुन्हेगार ठरवतात.

२

महिन्यात चार चलानं आली. एकशे एकतीस, पुन्हा एकशे एकतीस, एकशे सत्तेचाळीस, एकशे पासष्ट. पाचवी आली ती नोटीस होती. लायसन्स सहा महिने निलंबित का करू नये, याचा खुलासा करा. डेअरीनेही कळवलं की निलंबन झालं तर टँकर दुसऱ्याकडे जाईल.

दंडाचं भारतीला काही नव्हतं. तो भरून टाकला असता. तिला जाळत होतं ते त्या नोटिशीतलं वाक्य. ‘सवयीचा बेदरकार चालक.’ असं वाक्य लिहिणाऱ्याने नानांना पाहिलं तरी होतं का? गावातली पोरं ट्रॅक्टर शिकायची तर त्यांचे बाप त्यांना नानांकडे पाठवायचे. तेच नाना आता पारावर बसायचे टाळू लागले होते.

तिने हेल्पलाईन लावली. तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, असं एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज चाळीस मिनिटं सांगत राहिला. मग ती परिवहन कार्यालयात गेली. तीन खिडक्या, दोन जेवणाच्या सुट्ट्या. शेवटी मोटार वाहन निरीक्षक अमृत गोर्डे यांच्यापुढे खुर्ची मिळाली. गोर्डे पन्नाशीचे, शांत, टेबलावरची काच रुमालाने पुसत बोलणारे.

“ताई, कॅमेरा तुमच्या वडिलांना ओळखत नाही,” ते म्हणाले. “तो फक्त घड्याळ बघतो. पहिल्या कमानीखालून नऊ दहा. दुसरीखालून नऊ वीस. बावीस किलोमीटर, दहा मिनिटं. इंजिनिअर आहात ना? करा भागाकार.”

तिने सांगितलं, टँकरला वेग बांधणारा गव्हर्नर आहे, ऐंशीला, सरकारी सील लावलेला. भरलेला टँकर एकशे एकतीसने पळूच शकत नाही. डोंगरावरून ढकलून दिला तरी नाही.

“मग सील तोडलं असेल. नाहीतर काटा खोटा असेल.”

“काटा खोटा असला तरी तो जास्त दाखवतो साहेब, कमी नाही. कंपनीच तसा बनवते.”

गोर्डे साहेबांनी काच पुसायचं थांबवलं. ते म्हणाले, ड्रायव्हरची पोरं सगळी अशीच बोलतात, लेखी द्या. आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

३

तिने लेखी दिलं. पण असं, की नाकारायला जागाच राहू नये.

रविवारी डेअरीच्या आवारात तिने टँकरच्या मागच्या टायरवर खडूने रेघ मारली. नानांना गाडी एक फेरा पुढे घ्यायला लावली आणि जमिनीवर टेप धरला. तीन मीटर सात सेंटीमीटर. टायर झिजलेला, नव्यापेक्षा अकरा सेंटीमीटर कमी. म्हणजे काटा खऱ्यापेक्षा जास्तच सांगणार. मग तळेगावच्या सरळ रस्त्यावर ती केबिनमध्ये बसली, मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. काटा अठ्ठ्याहत्तरवर धरून नाना चालवत होते. किलोमीटरचा प्रत्येक दगड अठ्ठेचाळीस सेकंदांनी येत होता. खरा वेग पंचाहत्तर. गव्हर्नरच्या सीलचा फोटो तिने चार बाजूंनी काढला. शिशाचा गोळा, त्यातून गेलेली तार, कुठेही ओरखडा नाही.

“पास झालो का मी?” नानांनी विचारलं.

“तुम्ही झालात. नापास व्हायचेत ते दुसरेच.”

अहवाल अकरा पानांचा झाला. एक प्रत गोर्डे साहेबांना, एक त्यांच्या वरिष्ठांना, एक माहिती अधिकाराच्या अर्जासोबत. कमानींची घड्याळं शेवटची कधी तपासली, कोणी तपासली, दाखला दाखवा. त्या रात्री तिला फार दिवसांनी झोप लागली. जगात अजून मोजपट्टी नावाची गोष्ट आहे, आणि ती कोणाच्या बापाची नाही, असं तिला वाटलं.

४

पहिला तडा डेअरीच्या प्रयोगशाळेत गेला.

तिथल्या केमिस्ट सविताताई भारतीला शाळेपासून ओळखत. त्यांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं, दार लोटलं आणि रजिस्टर पुढे केलं. नानांचं दूध केंद्रातून चार अंशांवर निघत होतं. संगमनेरला पोचताना ते पाचच्या आत असायला हवं. महिन्याभरात ते सात, नऊ आणि काल अकरा अंशांवर आलं होतं. आंबटपणाही वाढलेला. काल दूध परत पाठवावं लागणार होतं, त्यांनी कसंबसं वेगळं काढून ठेवलं.

भारती लगेच उसळली. टँकरचं अस्तर गेलं असेल, ती म्हणाली, ते दुरुस्त करायचं सोडून ड्रायव्हरला धरायचं हीच तर इथली रीत.

“अस्तर मी तपासलंय गं,” सविताताई म्हणाल्या. “पाणी भरून रात्रभर ठेवलं. एक अंशानेही हललं नाही. त्या टँकरमध्ये दूध सात अंश चढायला किती वेळ लागतो माहितीये?”

“किती?”

“तीन दिवस.”

बाहेर कॅनच्या झाकणांचा खणखणाट चालला होता. भारतीने थर्मामीटर मागून घेतला, बर्फात बुडवला. काचेतली रेघ बरोबर शून्यावर थांबली. ती दुसरं कारण शोधू लागली. केंद्रातूनच शिळं दूध येत असेल. पण त्याच केंद्राचं दूध दुसऱ्या टँकरने ताजं येत होतं. नाना वाटेत कुठे थांबत असतील. पण थांबणारा माणूस लवकर पोचेल कसा? आणि तीन दिवस गाडी चालली असती तर डिझेल? डिझेल रोज जेवढ्यास तेवढं जळत होतं. किलोमीटरही तेवढेच.

तिने मनातल्या मनात सविताताईंचं गणित खोडलं. डिझेल खोटं बोलत नाही, ती स्वतःला म्हणाली. दूधही बोलत नाही, हे तिला जिना उतरताना आठवलं.

५

घरी लंकाबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. नाना अंगणात बाजेवर झोपलेले. दुपारचे बारा, आणि माणूस मेल्यासारखा झोपलेला.

भारतीने आईला सहज विचारलं, की नानांचं हल्ली काही वेगळं वाटतं का.

लंकाबाई थापायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, तू चलानात गुंतलीस, मला कोण विचारतंय. डबा पूर्वी परत यायचा तर त्यात अर्धी भाकरी असायची. आता डबा चाटून पुसलेला असतो आणि घरी आल्यावर पाच भाकरी लागतात. नखं दर दोन दिवसांनी काढतात. आणि दाढी.

“सकाळी माज्यासमोर दाढी करून जात्यात,” लंकाबाई म्हणाल्या. “दुपारी येत्यात तर हे एवढे खुंट. मी इचारलं तर म्हणत्यात, व्हय का, माज्या ध्यानातच न्हाई. माणसाला सोताची दाढी ध्यानात नसती व्हय गं?”

तव्यावरची भाकरी फुगली. भारतीला त्या फोटोतली सावली आठवली. ती बाहेर जाऊन बाजेशी उभी राहिली. नानांच्या केसांत कानांच्या वर पांढरं वाढलं होतं. मार्चमध्ये ते नव्हतं. माणूस काळजीनं पिकतो, तिने स्वतःला सांगितलं, आणि ती काळजी त्या गोर्डेने लावलीय. राग आला की तिला बरं वाटायचं. रागात विचार करावा लागत नाही.

पण रात्री तिने नानांना सांगितलं, उद्या मी येणार. नव्या रस्त्यावर. बावीसच्या बावीस किलोमीटर.

 नाना म्हणाले, ये की, पर खाडा हुता कामा न्हाई.

६

नऊ वाजून नऊ मिनिटांनी ते नव्या रस्त्यावर चढले. भारतीजवळ दोनशे पानी वही होती, कोरी. सकाळीच उघडलेलं बॉलपेन. ठरलेलं होतं, दर किलोमीटरला एक ओळ लिहायची. काटा, सेकंद, काही दिसलं तर ते.

पहिली कमान डोक्यावरून गेली. एक लहानसा लखलखाट झाला. ऊन कडक होतं. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे मका आणि एक पडीक विहीर. नाना दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेले. काटा अठ्ठ्याहत्तरवर, थरथरसुद्धा नाही.

तिने लिहिलं: एक. ७८. अठ्ठेचाळीस सेकंद.

दोन. तीन. चार. सगळं तंतोतंत. मध्येच नानांनी तिच्या कॉलेजातल्या एका सराची नक्कल केली आणि ती हसली. एक कंटेनर त्यांना ओलांडून गेला. बावीस ओळी लिहून झाल्या तेव्हा दुसरी कमान समोर दिसू लागली. तिने स्टॉपवॉच दाबलं. सतरा मिनिटं छत्तीस सेकंद. तिला इतका आनंद झाला की तिने नानांच्या खांद्यावर थाप मारली. झालं, ती म्हणाली. सापडले.

मग तिने मोबाईल पाहिला. नऊ सोळा.

सहा मिनिटं.

तिला तहान लागली होती. नुसती तहान नाही, ओठ फुटले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती. नानांनी न बोलता बाटली उलटी करून दाखवली. निघताना ती दोन लिटर भरलेली होती. तिने वेळ टिपण्यासाठी पेन टेकवलं. ते उमटलं नाही. तिने पुन्हा ओढलं. कागदावर नुसता ओरखडा. रिफिल उजेडात धरली तर ती टोकापर्यंत पारदर्शक होती.

तिने वही मिटली. मिटताना लक्षात आलं, की ती जाड झालीय, जशी लिहून भरलेली वही होते तशी.

“नाना,” तिने विचारलं, “आपण कुठे थांबलो होतो का?”

“न्हाई बा,” नाना म्हणाले. त्यांनी गालावरून हात फिरवला. खरखर आवाज झाला.

७

वही तिने पॉलिटेक्निकच्या रिकाम्या वर्गात उघडली, भर दुपारी, पंखा लावून.

पहिल्या पानावर नऊ ओळी तिला आठवत होत्या तशाच. दहावीपासून मात्र तिला आठवत होते ते आकडे नव्हतेच, भलतंच काही लिहिलेलं होतं. अक्षर तिचंच.

‘दहा. ७८. इंजिन बंद झालंय. गाडी उभी आहे. काटा ७८ वरच. मी काचेवर टिचकी मारली. हलत नाही.’

‘पुढे गाड्या उभ्या आहेत. एका लेनमध्ये. मागेही आहेत. मागचा शेवट दिसत नाही. कोणी हॉर्न वाजवत नाही.’

‘नाना म्हणतात रोज असतं. बाहेर पडलं की आठवत नाही. आत आलं की सगळं आठवतं.’

मग पानंच्या पानं नुसते आकडे. ७८. ७८. ७८. तिने दर थोड्या वेळाने काटा पाहून लिहिला होता, इतकं इमानदारीने, की तिला आता स्वतःचीच चीड आली. मध्ये मध्ये ओळी.

‘सूर्य विहिरीच्या वर आहे. अजून तिथेच आहे.’

‘झोपून उठले. तिथेच आहे.’

‘नानांना म्हटलं, यू टर्न मारू, कुंपण तोडून जाऊ. नाना म्हणाले, नंबर लागलाय, सोडून कसं जायचं. उसाच्या ट्रकवर होतो तेव्हा कारखान्याच्या आवारात तीन तीन दिवस उभे राहायचो. नंबर सोडून जेवायला गेला तो पुन्हा शेवटून. मी विचारलं, इथे पुढे काय आहे? ते म्हणाले, ते विचारायचं नसतं. आपला नंबर आला की कळतं.’

भारतीने पान उलटलं. वर्गाबाहेर पोरं क्रिकेटवरून भांडत होती.

‘नाना उतरून पुढे बघून आले. पहिल्या दिवशी पुढे एकोणतीस गाड्या होत्या म्हणे. आज तीन.’

‘सगळ्यात पुढची गाडी गेली. आवाज झाला नाही. ती पुढे सरकली आणि नव्हती. तिची सावली मात्र रस्त्यावर राहिली, थोडा वेळ. मग तीही उठून गेली.’

‘ड्रायव्हर आपणहून जातात. कोणी ओढत नाही. मी त्याचा चेहरा पाहिला. कंटाळलेला होता. सुटल्यासारखा.’

यानंतर पुन्हा आकडे. शेवटची चार पानं फिकट होत गेलेली. अगदी शेवटची ओळ तिला तिरक्या उजेडात धरून वाचावी लागली.

‘दुसरीही गेली. आता आमच्या पुढे एकच. इंजिन सुरू झालंय. उद्या ती, मग लगेच आपण, नाना म्हणाले. खुश आहेत.’

तिने वही बंद केली.  एक काटा, ज्याच्यासाठी तिने खडूने रेघा मारल्या, अकरा पानं लिहिली, सगळ्या खिडक्यांशी भांडली. तो काटा उभ्या गाडीत अठ्ठ्याहत्तर सांगत होता. गोर्डे म्हणाले होते तेच खरं होतं. काटा खोटा होता.

८

संध्याकाळी आदेश आला.

वरिष्ठ कार्यालयाने तिचा अहवाल वाचला होता. कमानींच्या घड्याळांच्या तपासणीचा दाखला कोणाला सापडला नव्हता. चारही चलानं रद्द, नोटीस रद्द, चालकाच्या एकवीस वर्षांच्या स्वच्छ सेवेची दखल. डेअरीच्या ड्रायव्हरांनी नानांना हार घातला. कोणी म्हणालं, थेटेंच्या पोरीनं सरकारला ब्रेक लावायला लावला. लंकाबाईंनी शेजारी पेढे वाटले. नाना पारावर जाऊन बसले, महिन्याभराने.

भारतीने गोर्डे साहेबांना फोन केला. म्हणाली, अहवाल चुकीचा आहे, मी आकडे बनवले, नाना जोरातच चालवत होते, लायसन्स निलंबित करा. आयुष्यात ती पहिल्यांदा ठरवून खोटं बोलत होती.

 “आधी आमच्या डोक्यावर मिरे वाटले,” गोर्डे साहेब म्हणाले, “आता आमची थट्टा करताय. अपील करायचं असेल तर तीस दिवस आहेत.” फोन बंद.

तिने नानांसमोर वही ठेवली. नानांनी चष्मा लावून दोन पानं वाचली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यावर भीती आली नाही. हरवलेली किल्ली सापडावी तसं काहीतरी आलं.

“उद्या जाऊ नका,” ती म्हणाली. “आजारी पडा. काहीही सांगा.”

“एक दिवस गेलो न्हाई तर नंबर जाईल, भारते.”

“कसला नंबर?”

नाना गोंधळले. त्यांनी चष्मा काढला. आपण काय बोललो हे त्यांनाच उमगलं नव्हतं. मग ते उठून गेले आणि तिला बाहेरून त्यांचा आवाज आला, लंकाबाईंना सांगत होते, उद्या डबा थोडाच दे.

९

पहाटे भारती डेअरीच्या आवारात गेली. गेटवरच्या ज्ञानेश्वरने तिला ओळखून आत सोडलं, काल हार घालणाऱ्यांत तोही होता. तिने टँकरखाली सरकून पक्कड लावली आणि गव्हर्नरच्या सीलची तार तोडली. शिशाचा गोळा तिने खिशात टाकला. मग रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या परिवहन खात्याच्या वायुवेग पथकाच्या नंबरावर टँकरचा नंबर आणि जागा कळवली. सील तोडलेलं वाहन रस्त्यावर चालवू देत नाहीत, जागच्या जागी अडवतात. हा कायदा तरी कामाला येईल, तिला वाटलं. नानांचं नाव जाईल. जाऊ दे.

नऊ वाजता ती मोटारसायकलवर नव्या रस्त्याच्या चढावाशी पोचली. पथकाची जीप उभी होती. टँकर कडेला घेतलेला. गोर्डे साहेब स्वतः आले होते आणि आज त्यांचा चेहरा खुलला होता. तुटलेली तार त्यांनी दोन बोटांत धरली होती.

“या इंजिनिअर मॅडम. अकरा पानं, चार बाजूंनी फोटो. आणि हे?”

नाना केबिनमधून उतरत नव्हते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत बसलेले. कॉन्स्टेबल बिभीषण त्यांना हाताला धरून खाली घेऊ लागला तेव्हा ते लहान मुलासारखे आवळून बसले. आता नको, ते म्हणत होते, आजचा दिवस सोडा. बिभीषणला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. भारतीने ते पाहिलं आणि नजर वळवली नाही. हे तिनेच केलं होतं.

टँकर जप्त होणार हे ठरलं. पण आत आठ हजार लिटर दूध होतं. ते नासवून कोण आरोप घेणार? गोर्डे साहेबांनी किल्ली मागितली. म्हणाले, मी अवजड गाड्यांची परीक्षा घेतो, मीच नेतो डेअरीत. जाता जाता बघतो तुमचा काटा काय म्हणतो ते. पथकातला एक शिपाई दुसऱ्या कमानीशी होता. त्याला तयार राहायला सांगितलं.

ते केबिनमध्ये चढले. सीट मागेपुढे केली. रुमालाने समोरची काच पुसली.

भारती दाराशी गेली. “साहेब, जुन्या रस्त्याने न्या.”

“का? पुन्हा घड्याळ चुकेल म्हणून?”

“नका जाऊ त्या रस्त्याने.”

“महिनाभर तुम्ही आम्हाला वेग शिकवला. आता रस्ता शिकवा.”

वही तिच्या पाठीवरच्या पिशवीत होती. काढून त्यांच्या मांडीवर टाकायला दोन सेकंद लागले असते. शेवटचं पान उघडून धरायला आणखी दोन. तिला त्या तीन खिडक्या आठवल्या, ते ‘सवयीचा बेदरकार’, ते ‘ड्रायव्हरची पोरं सगळी अशीच’. नानांच्या कानांवरचे पांढरे केस आठवले. यांना सांगून ऐकणार नाहीत, ती स्वतःला म्हणाली. ते खरं होतं. आणि तिला माहीत होतं, की ती त्यासाठी गप्प बसलेली नव्हती.

तिने दार लावून घेतलं. बाहेरून, हलक्या हाताने.

टँकर चढावावरून गेला, पहिल्या कमानीखाली लखलखाट झाला आणि तो सरळ रस्त्यावर लहान होत गेला. उन्हात त्याची मागची बाजू चमकत होती. तो अजून दिसत होता, हे भारती नंतर शपथेवर सांगायला तयार होती. तो नजरेपलीकडे गेलेला नव्हता आणि तेवढ्यात बिभीषणचा फोन वाजला.

बिभीषणने ऐकलं. समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा ऐकलं.

“काय म्हणतोस? आत्ता तर निघालेत,” तो म्हणाला. “उभा हाय? कुठं उभा हाय?”

त्याने फोन कानापासून लांब धरला. पलीकडचा शिपाई इतक्या मोठ्याने बोलत होता की भारतीला शब्द कळत होते. टँकर दुसऱ्या कमानीखाली कडेला उभा आहे. इंजिनावर हात ठेवला, थंडगार आहे. दुधाचा वास सुटलाय, नासक्या दुधाचा. दार आतून लावलेलं आहे आणि साहेब आत नाहीत. साहेब उतरून कुठे गेले, तो विचारत होता. तुम्हाला काही बोलले का?

भारतीने समोर पाहिलं. रस्ता मोकळा होता. दूरवर, जिथे आत्ता टँकर होता, तिथे डांबरावर काळसर असं काहीतरी होतं. ते हललं. तिने डोळे मिटून उघडले तेव्हा नुसतं ऊन होतं.

बिभीषण जीपकडे धावला. नाना कडेच्या दगडावर बसले होते, रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिला त्यांचा हात धरायचा होता. वाचलात नाना, तिला म्हणायचं होतं, आता पुन्हा जायचं नाही.

नानांनी मान वळवून चढावाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

“माजा नंबर हुता तो,” ते म्हणाले. “आता परत सगळ्यात मागून उभं रहावं लागंल.”